बाबा सांगताहेत

यशवंतदादा स्कूटरवर अगदी सरळ बोलायचे.

आमचं ऑफिस हैदराबादेत, हिमायतनगरला. मी नल्लकुंट्याच्या शंकरमठाजवळ उभा राहायचो आणि दादा मला मागे बसवून घेऊन जायचे. त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर फाटलेला होता. गल्लीतली कुत्रीसुद्धा लांबून ओळखायची. त्या आवाजात दादा मान किंचित मागे वळवून क्रिकेटवर बोलायचे, बिल्डरांना नावं ठेवायचे, घरमालकाची नक्कल करायचे. ऑफिससमोर इंजिन बंद झालं, की मात्र पुढचा शब्द घशात अडकायचा. "च..." एवढंच यायचं, ओठ ताणले जायचे, डोळे मिटायचे. मग "चला" म्हणायचं सोडून ते हातानेच खूण करायचे.

मला आधी तो योगायोग वाटला. पुढे वाचनात आलं, की आपलाच आवाज आपल्या कानांवर नीट पडला नाही, तर तोतरेपणा असलेल्या बऱ्याच माणसांचं बोलणं मोकळं होतं. दादांनी ते कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी फक्त सायलेन्सर दुरुस्त करून घेतला नव्हता.

ते आमच्याकडे ड्राफ्ट्समन होते. साल पंच्याण्णव. जुने बंगले पाडून जिकडे तिकडे अपार्टमेंट उभी राहत होती आणि प्रत्येक अपार्टमेंटच्या तुळया आणि खांब आधी दादांच्या ट्रेसिंग पेपरवर उभे राहायचे. त्याच वर्षी साहेबांनी पहिला कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी एसी बसवला आणि त्या खोलीत चपला काढून जायचा नियम केला. बाकीचे ड्राफ्ट्समन धास्तावले. दादा खूश होते. मला स्कूटरवर म्हणाले, "चांगलं मशीन आहे रे, श्रीकांत. काही विचारत नाही. उत्तर द्यायला लागत नाही."

उत्तर द्यायला लागू नये, अशीच त्यांनी आपल्या आयुष्याची आखणी केलेली होती. त्यांच्या घरात दोन पिढ्यांची वकिली. वडील केशवराव सिटी सिव्हिल कोर्टात नावाजलेले. लहानपणी ते यशवंताला पक्षकारांसमोर उभं करून श्लोक म्हणायला लावायचे आणि मुलगा श्लोक धडाधड म्हणायचा. कारण चालीवर, ठेक्यात, पाठ केलेलं म्हणताना अडखळणं बहुतेकदा होतच नाही. केशवरावांनी मात्र त्यातून वकिली निष्कर्ष काढला: श्लोक येतात, म्हणजे जीभ धड आहे. जीभ धड आहे, म्हणजे पोरगं मुद्दाम सोंग करतं. या निकालावर अपील नव्हतं. सोंग सुटावं म्हणून बोलणी बसली, कधी छडीही बसली. शेवटी वकिलीचा विषय संपला आणि मुलगा ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेला.

त्यांना सगळ्यात जास्त छळायचे ते "च" आणि "क". ऑफिसखालच्या इराणी हॉटेलात त्यांना कधी चहाची तल्लफ यायची, कधी कॉफीची. मागवायचे मात्र पौना, म्हणजे कमी पाण्याचा, दुधाळ चहा. वेटर लांबूनच ओरडायचा, "दादा का पौना!" दादांना पौना मनापासून आवडतो, असं सगळ्यांना वाटायचं. त्यांना तो आवडत नव्हता. त्यांना "पौना" म्हणता येत होतं.

मुलीचं नावही असंच झालं. त्यांच्याकडे रिवाज असा, की बारशाला नाव आत्यानं निवडायचं आणि बाळाच्या कानात आत्यानंच सांगायचं. दादांची बहीण योगिनी नांदेडहून आली, पाळण्यात वाकली आणि नाव ठेवून गेली: केतकी. नाव सुंदर होतं. दादा पहिल्या दिवसापासून मुलीला "राणी" म्हणू लागले. मी वर्षभर तिचं नाव राणीच समजत होतो. खरं नाव कळलं ते त्रिवेणीवहिनींकडून.

"ह्यांना विचारा ना," वहिनी हसत म्हणाल्या, "पोरीचं नाव कधी घेतलंय का ते! माझं तरी कुठे घेतात म्हणा. पण माझं न घ्यायला निदान लाज तरी आहे."

दादाही हसले. घरात ही गोष्ट थट्टेवारी नेण्याचं काम वहिनींचं होतं. दूधवाला, गॅसवाला, बँक, लग्नाची आमंत्रणं, सगळीकडे बोलायच्या वहिनी. दादा शेजारी उभे राहून मान हलवायचे. ही व्यवस्था दोघांच्या अंगवळणी पडली होती. केतकी तीन वर्षांची होईपर्यंत ती चालली.

दसऱ्याच्या सुमाराला केतकी अडखळायला लागली. "म-म-म-मला बिस्किट." "आ-आ-आजी, बघ." आधी कोणी लक्ष दिलं नाही. लक्ष देण्याचं कारणही नव्हतं. दोन ते पाच या वयात मुलांच्या डोक्यात सांगायचं भरपूर असतं आणि तोंडाची यंत्रणा अजून बसायची असते, त्यामुळे पुष्कळ मुलं काही महिने अशी अडखळतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. काहींचं थांबत नाही. घरात आधी कुणाला असेल, तर न थांबण्याची शक्यता जास्त. यातलं काहीही तेव्हा त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

निदान केलं दादांच्या आईनं, इंदुमतीबाईंनी. केशवराव जाऊन काही वर्षं झाली होती आणि आता घरातले निकाल त्या द्यायच्या. एका रविवारी मी कॉम्प्युटरचं एक पुस्तक द्यायला गेलो होतो. केतकी दारातच सांगायला लागली, "का-का-काका, आमच्या घ-घ-घरी मांजर..."

"बघितलंत?" इंदुमतीबाई मला म्हणाल्या. "बापाची नक्कल करते. मुलं जे ऐकतात ते उचलतात. वरच्या मजल्यावरच्यांचं तेलुगू कसं उचललं? तसंच हे."

"मांजर काय करतंय?" मी केतकीला विचारलं. पण ती आता आजीकडे बघत होती.

इंदुमतीबाईंनी बेगम बाजारातून वेखंड आणवलं होतं. रोज सकाळी ते मधात उगाळून केतकीच्या जिभेला लावायचं. ती थुंकायची, रडायची. दुसरा उपाय त्यांनी मुलाला सांगितला. पोरीसमोर तू बोलू नकोस. कानावरच पडलं नाही, तर उचलणार कुठून?

दादांनी तो मानला. सोमवारी स्कूटरवर मला म्हणाले, "मी घरी बोलणं बंद केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. राणी जागी असेल तोवर तोंड उघडायचं नाही. आई म्हणते ते बरोबर असेल तर? माझं जे झालं ते झालं. तिचं नको."

त्या आवाजातसुद्धा त्यांनी हे वाक्य दोनदा म्हटलं. मला ते बरोबरच वाटलं होतं.

मग दादांनी मुलीशी चित्रांनी बोलायला सुरुवात केली. हात तर सोन्याचा होता. ऑफिसातल्या रद्दी ट्रेसिंगच्या मागे ते मांजर काढायचे, दुधाचं भांडं काढायचे, म्हणजे "दूध पी". पाऊस आणि दार काढायचे, म्हणजे "बाहेर नको". पहिले काही दिवस केतकीला खेळ वाटला. ती चित्रं ओळखून ओरडायची. नंतर ती बोलायची आणि बाबांकडे बघत थांबायची, आणि बाबा पेन्सिल उचलायचे. एका संध्याकाळी तिनं आईला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "बा-बा-बाबांची माझ्याशी क-कट्टी आहे?"

"अगं नाही गं. बाबांचा घसा दुखतोय."

"मग ते क-काकांशी कसे बोलतात?" मला उतरवायला गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबायची, इंजिन चालूच असायचं, आणि तिथून दादांचा आवाज घरापर्यंत यायचा. सायलेन्सर फाटलेला असला, तरी पोरीचे कान धड होते.

हिवाळा सरेपर्यंत तिचं अडखळणं बदललं. आधी ती शब्दाचा पहिला तुकडा सहज, नकळत, तीनचारदा म्हणायची आणि पुढे जायची. आता आवाजच फुटायचा नाही. ती डोळे मिटायची, पाय आपटायची, मान ताठ करायची, आणि मग शब्द निघायचा. आणि एक दिवस तिनं पाणी मागितलंच नाही. पेन्सिल घेऊन पेला काढला आणि कागद आईपुढे धरला.

वहिनींच्या हातून पातेलं सुटायचंच बाकी होतं, असं त्या म्हणाल्या. चित्र चांगलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. "दुसरे हे," त्या मला म्हणाल्या. "साडेतीन वर्षांची झाली नाही, तोवर दुसरे हे तयार."

शिवाय शाळेचा विषय होता. बरकतपुऱ्यात एका बंगल्यात नवी इंग्रजी शाळा निघाली होती. टाय, बूट, कॉम्प्युटर, सगळं होतं. मुलाखत मुलाची आणि आईबापांची सुद्धा. इंदुमतीबाई रोज संध्याकाळी केतकीला पाटावर बसवून "माय नेम इज केतकी" घोकून घ्यायच्या. चालीवर म्हटलं तर यायचं. चाल सोडली, की "के"पाशी पाय आपटायला सुरुवात.

वहिनी कोणाला न विचारता चौकशी करून आल्या. कोठी भागातल्या एका दवाखान्यात बोलण्याच्या दोषांवर उपचार करणाऱ्या कल्याणी मॅडम बसतात, असं कळलं. दादा जायला तयार नव्हते. मग म्हणाले, येतो, पण बोलणार तू.

दवाखान्यात काय झालं ते मला दोघांनी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं सारखं होतं. कल्याणी मॅडम तेलुगू, तिशीच्या आतल्या. आमच्यासारखंच हैदराबादी हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी केतकीशी खाली बसून ठोकळे खेळत गप्पा मारल्या. शब्द अडला तर तिच्याकडे बघत नुसत्या थांबायच्या. मग वर खुर्चीत बसल्या आणि घरात अजून कुणाला असा त्रास आहे का, असं विचारलं. वहिनी सांगायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "आप नहीं. सर बोलेंगे."

दादांना एक वाक्य बोलायला किती वेळ लागला कोण जाणे. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं नाही, शब्द पुरवला नाही, मानही हलवली नाही. ऑफिसात, नातेवाइकांत, हॉटेलात दादांचं वाक्य नेहमी दुसरंच कोणीतरी पुरं करायचं. इथे ते त्यांनाच पुरं करावं लागलं. ते म्हणाले, की मुलीनं उचलू नये म्हणून मी तिच्यासमोर बोलत नाही.

"किती दिवस झाले?"

"दि-दिवाळीपासून."

"दिवाळीपासून तुमचा आवाज तिच्या कानावर नाही. तिचं कमी झालं?"

दादांनी वहिनींकडे बघितलं.

"वाढलं," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही ड्रॉइंगचं काम करता ना, सर? खांबामुळे भिंत तडकते असं वाटलं, म्हणून खांब काढला. तडा वाढला. मग काय समजायचं?"

दादा म्हणाले, "खांबाचा दो-दोष नव्हता."

"हां."

मग मॅडमनी समजावून सांगितलं. तोतरेपणा नक्कल करून येत नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानंही येत नाही. जिभेत दोष नाही, तेव्हा वेखंड आजपासून बंद. घराण्यातून येऊ शकतो, तसा तो आला असेल. पण घराण्यातून येणं वेगळं आणि ऐकून उचलणं वेगळं. ही पोर बोलताना जोर का लावते? कारण अडखळणं ही काहीतरी वाईट गोष्ट आहे, लपवायची गोष्ट आहे, हे तिला कळून चुकलंय. "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा म्हण" असं तिला सांगू नका. तुम्ही स्वतः सावकाश बोला. तिचा शब्द तोडू नका, पुरा करू नका. काय बोलते ते ऐका, कसं बोलते ते नका ऐकू. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावू नका. रोज थोडा वेळ एकट्या तिच्याशी गप्पा. आणि दर आठवड्याला इथे आणा.

"जाईल ना पण?" वहिनींनी विचारलं.

"बहुतेकदा जातं. मुलींचं जास्त जातं. पण मी वचन नाही देणार." मग त्या दादांकडे वळल्या. "सर, तुमच्या घरात तिच्यासारखं बोलणारा एकच माणूस आहे. आणि तो तिच्याशी बोलत नाही. तिनं काय समजायचं?"

घरी आल्यावर वेखंडाची सहाण वहिनींनी धुऊन वर ठेवली. इंदुमतीबाईंनी बघितलं. संध्याकाळी दादा केतकीला मांडीवर घेऊन बसले आणि तोंड उघडलं. "आज ऑ-ऑफिसात एसीच्या मागे पा-पारवा..." केतकीनं त्यांच्या ओठांवर बोट ठेवून बघितलं, म्हणे. आवाज खरंच तिथून येतोय का, ते.

इंदुमतीबाई आतून आल्या. "दवाखान्यात हे शिकवलं? पोरीला बिघडव म्हणून?"

"आई, मॅ-मॅडम म्हणाल्या..."

"चार बुकं शिकलेली पोर ती! तिला काय कळतंय? यशा, मी सांगते, गप्प बस."

"मी गप्पच होतो, आई," दादा म्हणाले. हे वाक्य एका दमात निघालं, कसं कोण जाणे.

इंदुमतीबाई पाटावर बसल्या. म्हणाल्या, "तुला ते पक्षकारांसमोर उभं करायचे ना, तेव्हा मी पडद्यामागे असायचे. श्लोक संपला, की ते नाव विचारायचे. तुझं नाव तुला सांगता यायचं नाही. मी आत जायचे, नळ सोडायचे. ऐकू नये म्हणून." मग उठता उठता, "पारव्याचं काय झालं मग?" असं विचारून त्या आत गेल्या. उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत. पण त्या दिवशी नळही सोडला नाही.

बदल झटपट झाला नाही. काही आठवडे केतकी मोकळी व्हायची, मग पुन्हा अडायची. मात्र पाय आपटणं हळूहळू थांबलं. पेला काढलेला कागद वहिनींनी फाडला नाही, पण तसा दुसरा आला नाही. एकदा दादांचा शब्द अडला, तेव्हा केतकी म्हणाली, "बाबा, तुमचापण अ-अडकला?" दादा म्हणाले, "हौ. माझापण." दोघं हसली. त्या घरात या विषयावर असं हसू पहिल्यांदाच ऐकलं, असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या थट्टा त्यांनी यात धरल्या नाहीत.

मग मुलाखतीचा दिवस आला. हा प्रसंग वहिनींनी मला इतक्यांदा करून दाखवलाय, की मी तिथे होतो असंच मला वाटतं. प्रिन्सिपल बाईंचं टेबल एवढं मोठं, की केतकीला बाबांच्या मांडीवरूनसुद्धा त्यांचा फक्त चेहरा दिसत होता. फॉर्म समोर होता, त्यावर सगळं लिहिलेलं होतं. तरी बापाचं इंग्रजी तपासायला बाई म्हणाल्या, "फादर, यू टेल. व्हॉट इज बेबीज नेम?"

वहिनींचं तोंड उघडलं होतं. सवयच ती. त्यांनी ते मिटलं. का मिटलं, त्यांना अजून सांगता येत नाही.

दादा म्हणाले, "हर नेम इज..." आणि थांबले. "राणी" म्हणता आलं असतं. ओठांवर होतंच. पण फॉर्मवर राणी नव्हतं, आणि मांडीवर बसलेली मुलगी मान वर करून बघत होती.

"क..." आवाज फुटेना. डोळे मिटले. पंखा फिरत होता.

"कविता?" प्रिन्सिपल बाई मदतीला आल्या. "कल्पना? कमला?"

केतकीनं त्यांच्याकडे हात केला, वाहतूक पोलीस करतो तसा. "थां-थांबा," ती म्हणाली, मराठीतच. "बाबा सांगताहेत."

बाईंना मराठी कळत नव्हतं. हात कळला. त्या थांबल्या. वहिनी थांबल्या. केतकी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली, कल्याणी मॅडम ठोकळे हातात धरून बघायच्या तशी.

"के... के... केतकी," दादा म्हणाले.

"हां," केतकी म्हणाली.

त्या शाळेचं पत्र आलं नाही. कारण कळलं नाही, वहिनी विचारायलाही गेल्या नाहीत. केतकीला नल्लकुंट्यातल्याच एका लहान शाळेत घातलं. टाय नव्हता, पण बाई वर्गातल्या मुलांना मध्येच तोडायच्या नाहीत. वहिनी आधी जाऊन मागच्या बाकावर बसून बघून आल्या होत्या. आता ती तिसरीत आहे. थकली किंवा भांडण झालं तर थोडी अडखळते, एरवी तिचं बोलणं थांबवणं अवघड आहे. दादांचं अडखळणं गेलेलं नाही. या वयात ते जाईल, असं मॅडमनी कधी सांगितलंही नव्हतं. इराणी हॉटेलात मात्र त्यांनी एकदा कॉफी मागवली. वेटरनं वाट बघितली, कॉफी आणली. ती दादांना आवडली नाही.

परवा मी त्यांच्याबरोबर केतकीला शाळेतून आणायला गेलो. फाटकापाशी गर्दी होती. पोरं, रिक्षा, बोरंवाला. दादांनी गाडी कडेला लावली. सायलेन्सर अजून तसाच आहे. केतकी आत मैत्रिणीशी बोलत पाठमोरी उभी होती. मी म्हटलं, "दादा, हॉर्न मारा."

दादांनी इंजिन बंद केलं. मान वर केली.

"के... के..."

केतकीनं वळून बघितलं, दप्तर खांद्यावर घेतलं, आणि तिथेच उभी राहिली. नाव पुरं झाल्यावर धावत आली.